कुत्र्याच्या पिलाचे संगोपन : परिसर अभ्यासातील एक पाठ
(इयत्ता तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी)

भातकापणी सुरू झाली की चारोटी, कासा व आसपासच्या पाड्यांवर कुत्र्यांच्या पिलांचाही हंगाम येतो. गावकुत्र्यांच्या बहुतेक माद्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात गाभण राहतात आणि सुमारे 63 दिवसांनी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास किंवा थंडीच्या प्रारंभी, वितात. दिवाळीची सुटी संपून शाळा भरते तेव्हा वर्गातील काही मुलांच्या घरी नवे पिलू आलेले असते. कोणी ते शेजारच्या पाड्यावरून मागून आणलेले असते, कोणी चारोटी नाक्यावरील हॉटेलांच्या मागून सदऱ्यात गुंडाळून आणलेले असते. परिसर अभ्यासाच्या पाठासाठी शिक्षकांस याहून जवळचे साहित्य मिळणे कठीण.

परंतु हा विषय वर्गात बहुधा एका निबंधावर आटोपतो. ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ ह्या वाक्याने सुरू होणारा दहा ओळींचा निबंध महाराष्ट्रातील पिढ्यानुपिढ्यांनी लिहिला आहे. त्यात कुत्र्याच्या इमानाचे वर्णन असते. माणसाने कुत्र्याशी कसे वागावे हे सांगावयाचे राहून जाते. पिलू हौसेने आणले जाते, दोन महिने मांडीवर वाढते, मग वाढलेल्या कुत्र्याची कोणास पर्वा राहत नाही आणि ते मोकाट होते. पश्चिम बंगालमध्ये गावकुत्र्यांच्या 95 वेतांतील 364 पिलांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा 19 पिलेच वयात येईपर्यंत जगली, आणि जी मेली त्यांतील शेकडा 63 पिलांच्या मृत्यूस माणूस ह्या ना त्या रीतीने कारण झाला होता. चारोटीसारख्या ठिकाणी, जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग वस्तीला खेटून जातो, तेथे ह्या आकड्यांचा अर्थ मुलांना निराळा समजावून सांगावा लागत नाही. रस्त्याच्या कडेला पडलेली पिले त्यांनी पाहिलेली असतात.

ह्या विषयाला दुसरी बाजू आहे व ती मुलांच्या जिवाशी निगडित आहे. पिलाशी खेळताना दात लागतात, नखे लागतात, आणि मूल ते घरी सांगत नाही. पिलाचे नीट संगोपन आणि मुलाचे न घाबरता बोलणे ह्या दोन गोष्टी शिक्षकांनी एकाच पाठात आणावयाच्या आहेत.

पाठाचा आरंभ

पाठाचा आरंभ प्रश्नांनी करावा. कोणाच्या घरी पिलू आहे? त्याची आई कोठे आहे? ते रात्री कोठे निजते, काय खाते? घरात त्याला कोणत्या शब्दाने हाक मारतात? पाड्यावरील मुलांच्या घरची बोली वारली असते. पिलासाठी, कुत्रीसाठी, भुंकण्यासाठी त्यांचे जे शब्द असतील ते फळ्यावर आधी लिहावेत व प्रमाण मराठीतील शब्द त्यांच्या शेजारी लिहावा. घरचा शब्द फळ्यावर आला म्हणजे एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल बोलू लागते. त्यानंतर घराचे चित्र काढावयास सांगावे. ह्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यांची वारली चित्रकला जगभर गेली. त्या चित्रशैलीत शेत, झोपडी, गुरे यांच्या बरोबरीने कुत्राही दिसतो. मुलांच्या चित्रांतही तो आपोआप येईल. चित्रात तो नेमका कोठे बसला आहे, दारात, चुलीजवळ की शेताच्या बांधावर, एवढ्यावरूनच त्या घरात त्याचे स्थान काय ते शिक्षकांच्या ध्यानी येते.

पाठासाठी पिलू शाळेत आणण्याचा मोह टाळावा. लस न टोचलेले पिलू चाळीस मुलांच्या हाती देणे उचित नव्हे, आणि तेवढ्या गलबल्यात पिलूही भेदरते. शाळेच्या आवाराचा प्रश्न आता न्यायालयापर्यंतही गेला आहे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आदी ठिकाणच्या आवारांतून मोकाट कुत्री हलविण्याचा आदेश दिला. शाळेपुरते पाहता कुत्री आवारात येतात ती बहुधा पोषण आहाराच्या उष्ट्यासाठी. उरलेला भात ओसरीच्या कडेला न टाकता झाकणाच्या पिंपात टाकण्याची सवय लावली की त्यांचा राबता पुष्कळ कमी होतो. मुलांना मात्र घरी जाऊन निरीक्षण करण्यास सांगावे. गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत कुरणातच शाळा नेण्याचा प्रयोग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ह्याच डहाणू तालुक्यात केला होता. बोर्डीला 1945 साली सुरू झालेले त्यांचे कार्य 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुराख्याच्या मागे चालणारे कुत्रे हा त्या कुरणशाळेतील आयताच पाठ होय, आणि आजही तो तेथेच अधिक चांगला होतो.

पिलू घरी केव्हा आणावे

पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे 10 ते 14 दिवसांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते एकूण 28 असतात, आणि पुढे सहा-सात महिन्यांत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलास आईपासून तोडू नये. ह्याचे कारण केवळ दूध नव्हे. भावंडांशी झोंबताना पिलू जोराने चावले की दुसरे किंचाळते आणि खेळ थांबतो. चावण्याचा जोर आवरण्याचा पहिला धडा पिलाला असा भावंडांकडून मिळतो. डोळे उघडल्याबरोबर उचलून आणलेल्या पिलाला हा धडा मिळत नाही, आणि मग तो देण्याचे काम लहान मुलाच्या बोटांवर येते.

पुष्कळदा असे होते की आई गाडीखाली सापडते व पिले उघडी पडतात. अशा वेळी नियम बाजूला ठेवावा लागतो. त्या पिलांना आधी ऊब हवी, मग अन्न. केवळ गाईच्या दुधाने पुष्कळ पिलांना हगवण लागते. तीन-चार आठवड्यांचे पिलू मऊ शिजवलेल्या भाताची पेज आणि तीत कुस्करलेले उकडलेले अंडे घेऊ शकते. त्याहून लहान असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारल्याविना काही पाजू नये.

पिलू निवडताना लोक नर मागतात व मादी मागे ठेवतात. ती कोणाच्याच दाराची होत नाही, सहा महिने ते वर्षाच्या आत माजावर येते आणि उकिरड्याच्या आडोशाला चार-सहा पिले देते. गावात कुत्री फार झाली अशी तक्रार ज्या ओसरीवर होते, त्याच ओसरीवरून मादी पिलू परत केलेले असते. मादी पाळणे अवघड नाही. वयात येण्याच्या सुमारास तिची शस्त्रक्रिया करून घेतली की तिला पुन्हा पिले होत नाहीत. ती घराशी तितकीच बांधलेली राहते व राखणही तितकीच करते. ही गोष्ट मुलांपेक्षा पालकसभेत सांगण्याची आहे.

अन्न, जंत व लस

पाड्यावरील घरात कुत्र्यासाठी वेगळे अन्न शिजत नाही आणि शिजण्याची अपेक्षाही ठेवू नये. भात, नाचणीची भाकरी, अंडे, माशाचे काटे काढलेले मांस ह्यांवर पिलू उत्तम वाढते. सुकट किंवा सुके बोंबील द्यावयाचे तर आधी पाण्यात भिजवून त्यांतील मीठ काढावे. कांदा व चॉकलेट कुत्र्यास विषारी आहेत. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफाळतात व आतड्यात रुततात. ती देऊ नयेत. लहान पिलास दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खावयास द्यावे, एकदाच पोट फुगेस्तोवर नव्हे. स्वच्छ पाण्याची वाटी सदैव भरलेली असावी. हे पाणी भरण्याचे काम घरातील सर्वांत लहान शाळकरी मुलाकडे द्यावे. ते त्याच्याने होते आणि चुकले तर लगेच कळते.

पिलाचे पोट मोठे व बरगड्या उघड्या दिसल्या तर त्यास खाणे कमी पडते असे नेहमीच नसते. बहुधा जंत असतात. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात, म्हणून पिलाला जंतांचे औषध देणे हा मुलाच्याही आरोग्याचा भाग होय. पिलाला हात लावल्यावर हात धुणे, पिलाने चाटलेले ताट घासल्याविना न वापरणे, अंगणातील घाण उचलून पुरणे, ह्या गोष्टी शिक्षकांनी आरोग्याच्या पाठाशी जोडाव्यात. गोचीड व पिसवा यांसाठी जनावरांच्या गोठ्यातील कीटकनाशक पिलाच्या अंगावर ओतण्याची चाल काही घरी दिसते. ती घातक आहे, कारण पिलू अंग चाटते.

लशीबाबत एकच तारीख मुलांनी लक्षात ठेवली तरी पुरे. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी मात्रा, आणि त्यानंतर दरवर्षी. पिलू कोणत्या महिन्यात जन्मले हे मुलांना ठाऊक असते, निदान ‘कापणीच्या वेळी’ एवढे तरी. त्यावरून लशीचा महिना काढणे हे तिसरीच्या मुलास जमणारे गणित आहे. शिक्षकांनी ते वर्गातच सोडवून घ्यावे व उत्तर वहीच्या मलपृष्ठावर लिहवून घ्यावे. रक्ताची हगवण होऊन पिले दगावतात तो पार्व्हो नावाचा निराळा रोग. त्याची लस आधीच, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करावयाची असते.

पिलाला शिकविणे

येथे शिक्षकांस आपल्याच व्यवसायाची ओळख पटेल. शिक्षणशास्त्राच्या पदविकेत मानसशास्त्राच्या पुस्तकात रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे नाव प्रत्येकाने वाचलेले असते. त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल. आणि त्याच कामात कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांना दिसले की अन्नाआधी ठरावीक संकेत वारंवार दिला तर पुढे त्या संकेतानेच लाळ सुटते. पाड्यावरील कुत्र्यालाही हे लागू आहे. ताटल्यांचा आवाज झाला की ते धावत येते. कोणी त्यास हे शिकविलेले नसते, तरी ते शिकलेले असते. पिलू सदैव काहीतरी शिकतच असते. त्याने काय शिकावे हे घरच्यांनी ठरवावयाचे, एवढाच प्रश्न.

पहिली शिकवण नावाची. नाव दोन अक्षरांचे असावे व घरातील सर्वांनी तेच घ्यावे. नाव घेतल्यावर पिलू वळून पाहील त्याच क्षणी सुकटीचा एक तुकडा द्यावा. तुकडा उशिरा दिला तर पिलू त्याचा संबंध मधल्या दुसऱ्याच कृतीशी जोडते. रागावण्यासाठी मात्र नाव कधीही घेऊ नये. नाव ऐकून पिलू पळू लागले तर समजावे की घरात ते नाव मारण्याच्या वेळीच उच्चारले जाते.

दुसरी शिकवण जागेची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पिलाने घाण केली की त्याचे नाक तीत घासून धपाटा घालण्याची रीत फार जुनी आणि पूर्णतः निरुपयोगी आहे. पिलास घाण व धपाटा यांचा संबंध कळत नाही. माणसासमोर घाण करू नये एवढेच ते शिकते, आणि पुढे कणगीच्या मागे जाऊन करते. त्यापेक्षा त्याच्या वेळा ओळखाव्यात. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर त्याला अंगणाच्या एकाच कडेला न्यावे, तेथे उरकले की शाबासकी द्यावी. चुकले तर मुकाट्याने सारवावे. रात्री चूक होणारच. तीन महिन्यांच्या पिलास रात्रभर धरवत नाही.

तिसरी शिकवण कोंबड्यांची, आणि ह्या भागात खरी परीक्षा हीच. घरात पाच-दहा कोंबड्या असतात. एक पिलू मारले गेले तर नुकसान ज्याच्या त्याच्या ताटातले असते, आणि शेजाऱ्याची कोंबडी असेल तर भांडण. म्हणून कुत्रा वाढल्यावर नव्हे, तर दोन-तीन महिन्यांचा असतानाच त्याला दोरीला धरून कोंबड्यांच्या जवळ बसवावे. त्याने कोंबडीकडे पाहून पुन्हा धन्याकडे पाहिले की तुकडा द्यावा. ताणून धावू लागला तर मागे वळून चालू लागावे, झटका देऊ नये. हा पाठ रोज पाच मिनिटांचा असावा. अर्धा तास ताणला तर पिलू कंटाळते, आणि कंटाळलेला विद्यार्थी काय करतो हे शिक्षकांस सांगावयास नको. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या काळात पिलाच्या मनावर उमटलेले संस्कार पुढे फार टिकतात. ह्याच काळात त्याने म्हातारी माणसे, रांगती मुले, गुरे, मोटरसायकलीचा आवाज, डोक्यावर मोळी घेतलेली बाई ही सर्व शांतपणे पाहिलेली असावीत. ज्याने ती पाहिली नाहीत ते कुत्रे पुढे त्यांच्यावर भुंकते, आणि भुंकण्यातून चावणे सुरू होते.

चौथी शिकवण रस्त्याची. महामार्गाजवळच्या घरांनी पिलू मोकळे सोडूच नये. मोठ्या मुलांनी दोरी हाती घेऊन नाक्यापासून दूरच्या पायवाटेने त्यास हिंडवावे. तथापि दोरी म्हणजे दिवसभर खुंट्याला बांधणे नव्हे. बांधून ठेवलेले कुत्रे राखण चांगली करते हा गैरसमज आहे. ते फक्त अधिक चिडते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या 11 व्या कलमानुसार, सदैव साखळीत ठेवलेल्या कुत्र्यास हिंडू-फिरू न देणे हा गुन्हा आहे. कायद्याचे नाव मुलांना पाठ करून घेण्याची आवश्यकता नाही. कुत्र्याविषयी असा कायदा आहे, ह्या गोष्टीचेच त्यांना पुष्कळ नवल वाटते.

ओरखडा लागला तर

सहा जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे अल्सास प्रांतातून एका मुलाला त्याची आई घेऊन आली. त्याचे नाव जोसेफ माइस्टर, वय 9 वर्षे. पिसाळलेल्या कुत्र्याने त्यास अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर यांनी त्यास आपली नवी लस टोचली व तो वाचला. चौथीतील मुले ह्याच वयाची असतात. ही गोष्ट त्यांनी ऐकावी.

परंतु वाचण्याचा मार्ग सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सापडूनही माणसे मरत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 59,000 लोक रेबीजने मरतात, त्यांतील शेकडा 99 जणांस तो कुत्र्यापासून होतो. आणि संशयित जनावरांनी चावलेल्यांत दर दहांत चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. भारताने 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याची योजना 2021 साली आखली. लस शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळते. मग अडते कोठे? पुष्कळदा अडते ते मुलाच्या मौनाशी.

मूल गप्प का बसते ह्याची कारणे शिक्षकांनी नीट समजून घ्यावीत. एक म्हणजे, ‘तूच त्याला छेडले असशील’ हे वाक्य त्याला ठाऊक असते. दुसरे, पोटात चौदा सुया टोचतात हे त्याने आजीकडून ऐकलेले असते. आजी खोटे बोलत नसते. जुन्या पद्धतीची ती लस भारतात 2005 च्या सुमारापर्यंत होती, परंतु आता ती राहिलेली नाही. हल्ली दंडावर टोचतात, आणि शासकीय रुग्णालयात बहुधा चारच खेपा असतात : पहिला दिवस हा शून्य धरून तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा. तिसरे कारण सर्वांत अवघड आहे. चावल्याचे सांगितले तर बाप पिलाला मारून टाकील, ही भीती. मुलाला पिलू प्रिय असते म्हणूनच ते आपली जखम लपविते. लपविता येते, कारण ओरखडा लहान असतो व तो चार दिवसांत भरतो. रोग मात्र बहुधा दोन-तीन महिन्यांनी, क्वचित वर्षानेही प्रकटतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की उपाय जवळपास राहत नाही.

पिलू लहान आहे, त्याला कुठला रेबीज, असे थोर माणसेही म्हणतात. हा समज वर्गात व पालकसभेत स्पष्ट शब्दांत खोडावा. मोकाट कुत्र्याने किंवा कोल्ह्याने चावलेल्या पिलालाही रेबीज होतो, आणि लस घेण्याच्या वयापर्यंत त्याला कसलेच संरक्षण नसते. रोग झालेले कुत्रे नेहमी पिसाळून धावत सुटते असेही नाही. कधी ते अंधारात जाऊन बसते, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. लाळेत विष येते ते लक्षणांच्या काही दिवस आधीच.

म्हणून दात लागला किंवा नखाने ओरखडले तर मुलाने काय करावयाचे ते कृती करून दाखवावे. नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतीत साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावयाची. पंधरा मिनिटे म्हणजे किती, ते एकदा घड्याळ लावून मुलांना अनुभवू द्यावे. मुलांना पाच मिनिटांतच वाटते की झाले. जखमेवर हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावावयाचे नाही, घट्ट पट्टी बांधावयाची नाही. मग त्याच दिवशी कासा येथील किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात जावयाचे. घरी भगताकडे नेण्याची रीत असेल तर तिच्याशी शिक्षकांनी भांडू नये; आधी साबण-पाणी, मग दवाखाना, आणि भगताकडे परतल्यावर, हा क्रम पटवून द्यावा. रक्त आलेली जखम असेल तर लशीबरोबर जखमेभोवती आणखी एक औषध टोचावे लागते, आणि ते तेथे नसेल तर डॉक्टर जेथे पाठवतील तेथे जावे लागते. घरचे कुत्रे चावले असेल तर त्याला मारू नये, सोडूही नये. दहा दिवस बांधून त्यावर लक्ष ठेवावे. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर पुढील मात्रांविषयी डॉक्टर ठरवतील. लस सुरू करण्यासाठी मात्र दहा दिवस थांबावयाचे नाही. पिलाला मारले तर हे लक्ष ठेवणेच अशक्य होते; हे कारण मुलांच्या बापांना पटते, आणि ते पटले की मुलाची तिसरी भीती बहुतांशी जाते.

शिक्षकांनी वर्गात एक वचन द्यावे व ते पाळावे : जो ओरखडा सांगेल त्याला कोणी रागावणार नाही. ते वचन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांसमोरही उच्चारावे. रोज सकाळी नखे व केस पाहण्याची जुनी चाल अनेक शाळांत आहे. त्याच वेळी हातपाय पाहून सहज विचारावे, ‘काल पिलाशी कोण खेळले?’

घर बंद होते तेव्हा

ह्या भागातील पिलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, जी शहरातील पुस्तकांत लिहिलेली नसते. भात घरात आले, दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे वसई, भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पिलू आलेले असते दिवाळीच्या सुमारास. म्हणजे ज्या महिन्यांत त्याला माणसांची, लशीची व शिकवणीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच महिन्यांत घराला कुलूप असते. काही जण पिलू ट्रकमध्ये घालून भट्टीवर नेतात. पुष्कळ मागे राहतात. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हाही त्याच 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे; परंतु सहा महिन्यांची मजुरी सोडून पिलासाठी गावी राहा असे कोणी कोणास सांगू शकत नाही, आणि शिक्षकांनीही सांगू नये.

जे सांगता येण्यासारखे आहे ते पिलू आणण्याआधी. भट्टीवर जावयाचे ठरलेले असेल तर ह्या हंगामात पिलू घेऊ नये, जूनमध्ये परतल्यावर घ्यावे. घेतलेच असेल तर मागे राहणाऱ्या आजी-आजोबांपैकी कोण त्याला रोज भाकरी घालील व तिसऱ्या महिन्यात लशीला नेईल त्याचे नाव जाण्याआधी ठरवावे. पिलू बरोबर न्यावयाचे असेल आणि ते तीन महिन्यांचे झाले असेल, तर लस टोचूनच न्यावे. भट्टीवर मुलांची, कुत्र्यांची व परक्या माणसांची गर्दी गावापेक्षा दाट असते.

मुलांचेही तसेच. चावल्यानंतर दोन सुया कासा येथे झाल्या आणि कुटुंब भट्टीवर गेले तर उरलेल्या मात्रा तेथील शासकीय दवाखान्यात घेता येतात, कार्ड जवळ असले पाहिजे. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड देण्यात येते. ते लिहिताना शिक्षकांनी विचारावे की सध्या कोणाची लस चालू आहे काय. असल्यास लशीच्या कार्डाची प्रत त्याला जोडावी, पुढील तारीख ठळक अक्षरांत लिहावी, आणि ती आईला वाचून दाखवावी, कारण भट्टीवर पेटी तिच्या ताब्यात असते.